तारखेला येणारे संत

कॅथलिक दिनदर्शिकेत बहुतेक तारखांखाली बारीक अक्षरांत एखाद्या संताचे नाव छापलेले असते. सकाळच्या प्रार्थनेला बसण्याआधी मी ते नाव पाहून घेतो, तेही भक्तीपेक्षा कुतूहलापोटीच अधिक, कारण आज कोण येणार हे ठरवणे आपल्या हाती नसते. पाहुणा दारात उभा राहिला की आधी त्याचे स्वागत करायचे, त्याच्याशी आपले जमते की नाही हा प्रश्न नंतरचा, तसाच हा प्रकार आहे. माझ्यावर सोपवले असते, तर मी माझ्या स्वभावाला मानवणारे दोन-चार संत निवडून आयुष्यभर त्यांचाच पिच्छा पुरवला असता. दिनदर्शिका तेवढी मोकळीक देत नाही. ३० सप्टेंबरला जेरोम येतात, पवित्र शास्त्राचे लॅटिन भाषांतर करणारे प्रकांड पंडित, पण लेखणीला अशी धार की मित्रदेखील तिच्या तडाख्यातून सुटले नाहीत. दुसऱ्याच दिवशी फ्रान्समधल्या लिझ्यूच्या तेरेजा येतात, मठाच्या चार भिंतींत राहून वयाच्या २४व्या वर्षी क्षयाने गेलेल्या. खरे तर १८९७ साली त्या ३० सप्टेंबरलाच वारल्या, पण ती तारीख जेरोम यांनी पंधरा शतकांपूर्वीच अडवून ठेवली होती. ना काळाचा क्रम, ना स्वभावाचा, ना कार्याचा! मला हा बेशिस्तपणाच या दिनदर्शिकेचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

संताचा सण सहसा त्याच्या पुण्यतिथीला येतो, मात्र तो साजरा होतो जयंतीच्या उत्साहाने. ही रीत फार जुनी आहे. दुसऱ्या शतकात स्मिर्ना (आजच्या तुर्कस्तानातले इझमीर) येथे वृद्ध बिशप पॉलिकार्प यांना ठार मारण्यात आले, तेव्हा त्यांच्या माणसांनी रत्नांहून मोलाच्या मानलेल्या त्यांच्या अस्थी गोळा केल्या आणि त्यांच्या हौतात्म्याचा ‘जन्मदिवस’ दर वर्षी आनंदाने पाळण्याचा निश्चय लिहून ठेवला. २३ फेब्रुवारीला आजही त्यांचे स्मरण होते. इहलोकीच्या जन्माचा सण मात्र तिघांच्याच वाट्याला आला आहे, प्रभू येशूच्या, पवित्र मरियेच्या आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या. योहानाचा जन्मदिवस २४ जूनला असतो. त्या सुमारास उत्तर गोलार्धात दिवस सर्वांत मोठा होऊन पुन्हा लहान होऊ लागतो, तर नाताळाच्या सुमारास तो वाढू लागतो. ‘त्याची वृद्धी व्हावी व माझा ऱ्हास व्हावा’ असे योहान येशूविषयी म्हणाला होता, आणि हे आकाशातही तसेच घडते याकडे चौथ्या-पाचव्या शतकांतले बिशप संत अगस्तीन यांनी आपल्या प्रवचनातून लक्ष वेधले आहे.

अर्थात तारखांच्या बाबतीत तडजोडीही पुष्कळ झाल्या आहेत. मध्ययुगातले तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस ७ मार्च १२७४ रोजी वारले, पण ती तारीख सहसा प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या दिवसांत, सापडते, म्हणून दिनदर्शिकेच्या १९६९च्या सुधारणेत त्यांना २८ जानेवारी देण्यात आली. सर्वांत गमतीची कथा स्पेनमधल्या आविलाच्या तेरेजा यांची आहे (या लिझ्यूच्या तेरेजांहून वेगळ्या). १५८२ साली ४ ऑक्टोबरच्या रात्री त्यांनी प्राण सोडला आणि दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर उजाडला, कारण त्याच रात्री पोप तेरावे ग्रेगरी यांच्या आज्ञेने जुन्या दिनदर्शिकेतले दहा दिवस गाळले गेले. मृत्यूला एक रात्र उलटली आणि कागदावर अकरा दिवस सरले. त्यांचा सण १५ तारखेलाच असतो.

सणाच्या दिवशी मिस्सेच्या, म्हणजे वेदीवरच्या सामूहिक उपासनेच्या, प्रारंभी संताच्या नावाची एक छोटी प्रार्थना म्हटली जाते. तिची घडण मला फार आवडते. आधी देवाला हाक, मग या माणसाला तू काय दिलेस याची आठवण, आणि मग त्यातले थोडेसे आम्हालाही दे अशी मागणी, एवढ्यात ती संपते. अगस्तीन यांच्या आई संत मोनिका यांच्या दिवशी देवाला दुःखितांचे सांत्वन करणारा असे संबोधले जाते, मुलासाठी ढाळलेले मोनिका यांचे अश्रू त्याने स्वीकारले हे सांगितले जाते, आणि माय-लेकांच्या मध्यस्थीने आम्हाला आमच्या पापांबद्दल रडता यावे आणि क्षमा मिळावी, एवढेच मागितले जाते. अशी प्रार्थना मला माझ्या मनाने कधीही सुचली नसती, कारण माझ्या स्वतःच्या प्रार्थनेत मागण्याच फार असतात आणि रडण्याची मागणी त्यांत नसते. वर्षभर दुसऱ्यांच्या मागण्या उसन्या घेत राहिल्याने आपल्या यादीचा एकसुरीपणा लक्षात येतो. संतांकडे आपली यादी घेऊन जाणाऱ्यांचीही कमतरता नाही म्हणा. पादुआचे अंतोनी हे त्यांच्या काळातले मोठे प्रवचनकार, १९४६ साली पोपने त्यांना ख्रिस्तसभेचे आचार्य, म्हणजे शिकवणीसाठी सर्वांनी मानावेत असे गुरू, घोषित केले, पण १३ जूनला आणि एरवीही त्यांना सर्वाधिक हाका मारल्या जातात त्या हरवलेल्या किल्ल्यांसाठी.

प्रार्थनेविषयी संतांनी जे सांगितले आहे, ते सुविचारांच्या पाटीवर शोभून दिसेल असे क्वचितच असते. आविलाच्या तेरेजा यांच्याविषयी आपण समाधी, दर्शने, हृदयाला झालेला दिव्य स्पर्श असे सारे ऐकलेले असते, पण त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे की काही वर्षे प्रार्थनेला बसल्यावर त्यांचे लक्ष देवापेक्षा घड्याळाच्या टोल्याकडे असे. तास एकदाचा कधी संपतो असे त्यांना होऊन जाई, आणि मन एकाग्र करण्यापेक्षा एखादे कठोर प्रायश्चित्त परवडले असे वाटे. याच बाईंनी पुढे प्रार्थनेची व्याख्या केली ती अशी, की जो आपल्यावर प्रेम करतो हे आपल्याला ठाऊक आहे, त्याच्याशी एकांतात वरचेवर केलेले मैत्रीचे बोलणे. घड्याळाचा उल्लेख आधी वाचलेला असला की या व्याख्येचे वजन वाढते. १९७० साली ख्रिस्तसभेने आचार्यपद पहिल्यांदा स्त्रियांना दिले, तेव्हा त्या दोघींपैकी एक याच होत्या.

लिझ्यूच्या तेरेजा तर प्रार्थनेत चक्क झोपत. सात वर्षे असे चालले, आणि त्याचे दुःख व्हायला हवे, पण होत नाही, असे त्या निःसंकोचपणे लिहितात. आईबापांना मूल जागे असताना जितके आवडते तितकेच झोपलेलेही आवडते, आणि डॉक्टरसुद्धा शस्त्रक्रिया करण्यापूर्वी रोग्याला झोपवतातच की, असा त्यांचा युक्तिवाद आहे. त्यांच्याच मठातली आणखी एक हकिकत आहे. सायंकाळच्या ध्यानाच्या वेळी त्यांच्या मागे बसणारी एक भगिनी सतत कसलासा बारीक आवाज करीत असे. मागे वळून एकदा तिच्याकडे बघावे, म्हणजे तिला कळेल, अशी अनावर इच्छा त्यांना होई. ती दाबता दाबता त्यांना घाम फुटे, पण त्या वळल्या नाहीत. आवाज ऐकू येऊ नये हा खटाटोप सोडून शेवटी त्यांनी तो नीट कान देऊन ऐकायला सुरुवात केली, जणू उत्तम संगीत चालू आहे, आणि त्या दिवसाचे ध्यान म्हणून तेच येशूला अर्पण केले. मन अगदी कोरडे पडले की त्या ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ आणि ‘प्रणाम मरिया’ फार सावकाश म्हणत. मागच्या बाकावरची कुजबुज आणि खोकला ऐकत मिस्सेला बसणाऱ्या कोणालाही यातले काही परके वाटणार नाही.

सतराव्या शतकातले फ्रान्सिस डी सालेस यांचाही सूर तोच आहे. मन भरकटले तर त्याला हळुवारपणे परत आणा. तासभर तेवढेच करीत बसावे लागले तरी तो तास वाया गेला नाही, असे ते सांगत. त्यांच्या दिवशी, म्हणजे २४ जानेवारीला, मी स्वतःवर जरा कमी चिडतो.

गुळगुळीत वचनांच्या बाबतीत मात्र मी सावध राहतो. ४ ऑक्टोबरला असिसीच्या फ्रान्सिस यांच्या नावावर ‘मला तुझ्या शांतीचे साधन कर’ ही प्रार्थना सर्वत्र फिरते. प्रार्थना सुंदर आहे, पण ती पहिल्यांदा छापली गेली १९१२ साली, एका फ्रेंच मासिकात, लेखकाच्या नावाशिवाय. तेव्हा फ्रान्सिस यांना जाऊन जवळपास सात शतके झाली होती. त्यांच्या खऱ्या स्तोत्रात सूर्य भाऊ आहे, पाणी बहीण आहे आणि अखेरच्या कडव्यांत शरीराचा मृत्यूही बहीण आहे. ते पाठ करायला अवघड आहे आणि त्यातली शेवटची बहीण पटायला तर त्याहून अवघड, म्हणूनच कदाचित ते शुभेच्छापत्रांवर कमी दिसते.

मोनिका यांच्याकडे पुन्हा येतो, कारण दिनदर्शिकेने त्यांच्याइतके कुणाला हलवलेले मला आठवत नाही. अगस्तीन वाट चुकले होते तेव्हा त्या एका बिशपच्या इतक्या मागे लागल्या की तो शेवटी वैतागून म्हणाला, जा, एवढ्या अश्रूंचा मुलगा वाया जाणे शक्य नाही. मुलगा मार्गावर आला आणि ३८७ साली, आफ्रिकेला परत निघालेल्या असताना, रोमजवळच्या ओस्तिया बंदरात त्यांना मरण आले. त्यांना मायदेशी मरण यावे असे दुसऱ्या मुलाच्या मनात होते. त्या म्हणाल्या, हे शरीर कुठेही पुरा, त्याची काळजी करू नका. तुम्ही असाल तिथे प्रभूच्या वेदीजवळ माझी आठवण मात्र ठेवा. त्यांचा सण पूर्वी ४ मे रोजी असे. १९६९ साली तो २७ ऑगस्टला, मुलाच्या सणाच्या आदल्या दिवशी, आणला गेला. पण नियम असा आहे की रविवार हा प्रभूचा दिवस, त्या दिवशी आलेला संताचा स्मरणदिन त्या वर्षापुरता गळतो. २०२३ साली २७ ऑगस्ट रविवारी आला आणि मोनिका गळल्या. मिस्सेत मृतांची आठवण त्या रविवारीही वेदीजवळ झाली, कारण ती प्रत्येक मिस्सेत होतेच. सोमवारी अगस्तीन ठरल्याप्रमाणे आले.