भिगवणला सायकलने जाताय? आधी उजनीचं पाणी विचारा

रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायला भिगवणला निघायचं असेल तर "पक्षी आलेत का?" असं तिथल्या कुणालाही फोन करून विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं: "आलेत, हजारांनी आलेत, तुम्ही फक्त या." विचारायचं ते एवढंच, की भिगवण ज्याच्या काठावर आहे ते उजनी धरण सध्या किती टक्के भरलेलं आहे. मला ते हजारांचं उत्तर मिळालं होतं. त्यावर विसंबून पुण्याहून सायकल मारत, वाटेत सुपे करून, मी जानेवारीत काठावर पोचले तर समोर नुसतं निळं, भरलेलं पाणी. वेड्या बाभळींच्या फांद्या पाण्याला टेकलेल्या. चिखल नाही, दलदल नाही. रोहित उभा राहणार कुठे?

हा पक्षी उथळ पाण्यात लांब पायांवर उभा राहून, मान खाली सोडून, चोच उलटी धरून गाळ चाळतो आणि त्यातले बारीक जीव खातो. गुडघाभर पाणी आणि खाली गाळ, एवढं त्याला लागतं. उजनीत ही जागा धरण उतरू लागल्यावर तयार होते. धरणाची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला 63 टीएमसीहून अधिक तळाचा मृतसाठा. वर्तमानपत्रात छापून येते ती टक्केवारी फक्त वरच्या उपयुक्त साठ्याची. म्हणूनच तर उन्हाळ्यात उजनी 'मायनस'मध्ये जाते आणि तरीही धरणात भरपूर पाणी असतं. पाऊस चांगला झाला की पुणे जिल्ह्यातल्या धरणांचं पाणी खाली येऊन उजनी तुडुंब भरते. मग कालव्याची आणि नदीची आवर्तनं सुटतात, उसाला आणि सोलापूरला पाणी जातं, पातळी उतरते, काठ उघडे पडतात आणि तेव्हा थवे येऊन बसतात. थोडक्यात, पावसाळा जोरदार झाला असेल त्या वर्षी जानेवारीत जाऊ नका. फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्च धरा. पाऊस तुटीचा असेल तर डिसेंबरातही चालेल. हे काठावरच्या प्रत्येक माणसाला माहीत आहे. फोनवर मात्र कुणी सांगत नाही, याचा मला अजून राग आहे.

आता होडीचं. फोनवर ठरलं होतं हजार रुपये, पूर्ण होडीचे, दोन तास. काठावर आल्यावर ते झाले माणशी पाचशे, आणि "लांबच्या पॉइंटचे वेगळे". होडीत माझ्याखेरीज पुण्याचेच चौघे होते, म्हणजे हजाराचे अडीच हजार झाले. मी विचारलं तर होडीवाला म्हणाला, "मावशी, तो रेट जुना झाला." आदल्या संध्याकाळचा रेट सकाळी जुना होत नाही. दर ठरवताना तीन गोष्टी तोंडाने वदवून घ्या: होडीचे की माणशी, किती वेळ, आणि लांब जायचे वेगळे का. जमलं तर मेसेज करून लेखी घ्या. आणि पाणी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपया आगाऊ पाठवू नका.

पण पैशांपेक्षा पुढे जे झालं ते वाईट. बऱ्याच अंतरावर, एका बुडालेल्या बांधाच्या उंचवट्यावर, रोहितांचा एक छोटा थवा चरत होता. तेवढीच उथळ जागा त्या भागात शिल्लक होती. होडीवाल्याने इंजिन जोरात केलं आणि होडी सरळ त्यांच्या अंगावर घातली. पक्षी आधी चालू लागले, मग पाण्यावर धावले आणि उडाले. पंखांचा तो गुलाबी-काळा रंग एकदम उघडतो, कॅमेरे खडखडतात, सगळे खूश होतात. मी थांबवायला सांगितलं. "उडल्याशिवाय फोटो येत नाय, मावशी," हे त्याचं उत्तर. थवा फिरून पुन्हा त्याच उंचवट्यावर उतरला, कारण दुसरीकडे उतरायला जागाच नव्हती. त्याने पुन्हा तेच केलं. जे पक्षी दिवसभर गाळ चाळून पोट भरतात, त्यांना एका सकाळी किती होड्यांनी उठवायचं? उडताना रोहित हवा असेल तर पहाटे काठावर शांत बसा. ते आपले आपण जागा बदलतात. होडीत बसण्याआधी बजावून सांगा: पक्ष्यांपासून लांबच इंजिन बंद करायचं, उठवायचं नाही, उठवलं तर पैसे नाहीत. पाचांपैकी एकाने तरी हे बोललं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी इंजिनाची होडी घेतलीच नाही. जाळी काढून परतलेल्या एका वयस्कर मच्छीमाराला विचारलं, तर तो वल्ह्याच्या होडीतून घेऊन गेला. एका जागी वल्हं वर घेतलं आणि होडी वाऱ्यावर सोडून दिली. एक शब्द बोलला नाही. हळूहळू वारकरी पक्ष्यांचा काळा घोळका, कपाळावर पांढरा टिळा असलेला, आमच्या दोन्ही बाजूंनी पोहत गेला. थापटे आणि तलवार बदकं पुढे होतीच. कवड्या खंड्या डोक्यावर एका जागी फडफडत थांबला, दगडासारखा खाली पडला आणि बोटभर चिलापी घेऊन वर आला. एवढ्या जवळून मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. परतल्यावर मच्छीमाराने जेवढे सांगितले होते तेवढेच घेतले. माझा सल्ला ठाम आहे: वल्ह्याची होडी मिळत असेल तर इंजिनाकडे बघू नका.

खरं तर भरलेल्या उजनीवर होडीची गरजच फार नाही. पट्टकादंब हंस काठाच्या गवतावर आणि शेतांत चरतात, तेही सकाळी लवकर आणि संध्याकाळी. त्यांना गाळ लागत नाही, त्यामुळे पाणी जास्त असलं तरी ते भेटतात. हिमालय ओलांडून तिबेट, मंगोलियाकडून आलेले हे पक्षी हरभऱ्याच्या शेताच्या बांधावर सायकल टेकवून पाहता येतात. डोक्यामागचे दोन काळे पट्टे दुर्बिणीशिवायही दिसतात. डिकसळच्या जुन्या पुलाच्या बाजूला शेकाटे, चमचे, चित्रबलाक, नदीसुरय हे पक्षी सगळे फुकट. पळसदेवचं बुडालेलं जुनं मंदिर मात्र जानेवारीत पाहायला जाऊ नका. ते उन्हाळ्यात पाणी खूप उतरल्यावर उघडं पडतं. उगाच सायकल मारून परत याल.

आता रस्ता. पुणे ते चौफुला सरळ आहे. भल्या पहाटे निघा, हडपसरची गर्दी सुरू होण्याआधी. कवडीपाटला पक्षी पाहायला थांबलात तर थोडा वेळ चांगला जातो. यवतवरून भुलेश्वरचा चढ दमवतो, पण मंदिरातलं गणपतीचं स्त्रीरूप पाहायला तरी चढा. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यातला दिवस सुखाचा गेला. चिंकारा दिसले, चंडोल दिसले, धाविक पक्षी दिसले. अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, सगळं माळरान. पाणी बरोबर न्या, सावली विसरा.

सगळा त्रास पुढे, बारामतीहून भिगवणकडे येताना. गाळपाचा हंगाम म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे नेमका पक्ष्यांचा हंगाम. या काळात तो रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांचा असतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला. ट्रॅक्टरवर गाणी इतक्या मोठ्याने लावलेली असतात की तुमची घंटा, तुमची हाक, काहीही चालकाला ऐकू जात नाही. पुढची ट्रॉली गेली म्हणून आपण मध्ये सरकतो आणि दुसरी ट्रॉली मागून झोकांडी खात येते. गतिरोधकावर ट्रॉली आपटली की ऊस खाली पडतात. रस्त्यावर आडवा पडलेला ऊस चाकाखाली आला की सायकल सरळ घसरते. अंधारात तर तो दिसतही नाही. मी उशिरा पोचल्यामुळे शेवटचा टप्पा अंधारात केला आणि उसाच्या एका टायरगाडीला (बैलगाडीला) वाट देताना डांबर सोडून कडेच्या खडीत उतरले. तिथे पडलेल्या बाभळीच्या काट्यांनी दोन्ही चाकं बसली. ट्रॅक्टरांच्या दिव्यांच्या उजेडात ट्यूब बदलताना प्रत्येक वेळी उठून लांब जावं लागत होतं, इतक्या जवळून ते जात होते.

म्हणून सांगते, हा टप्पा दुपारी चारच्या आत संपवा. ते जमणार नसेल तर बारामतीतच मुक्काम करा. मुक्कामाचे पैसे वाचवायला अंधारात निघू नका. मागचा दिवा दिवसाही चालू ठेवा, हँडलला आरसा लावा, अंगावर फ्लूरोसंट जॅकेट हवंच. दोन जादा ट्यूब, पॅच आणि टायरच्या आत घालायची लायनर पट्टी ही चैन नाही, उजनीच्या काठावर ती रोजची गरज आहे. काठाची प्रत्येक पायवाट वेड्या बाभळींतून जाते. रोडबाइकची बारीक टायरं इथे आणूच नका.

मी निवृत्त झाल्यापासून सायकलवर गोष्टींची पिशवी घेऊन फिरते. जिल्हा परिषदेच्या शाळा लागल्या की विचारून आत जाते. या वेळी ठरवून गेले ते ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर. बीडकडून कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोड्या, आलेले होते. आई-बाप पहाटेपासून उसाच्या फडात, मागे एक आजी, दोन शेळ्या आणि दहा-बारा पोरं. आजींना आधी विचारलं. "बसा की बाई, पोरं काय करत्यात नुसती," म्हणाल्या आणि बसायला पोतं टाकलं.

मी चक्रवाकाची गोष्ट सांगितली. दिवसभर जोडीने राहणारे नर-मादी, शाप असल्यामुळे रात्र झाली की नदीच्या दोन काठांवर, आणि मग रात्रभर एकमेकांना हाका. कडेवर भाऊ घेतलेली एक मुलगी मध्येच म्हणाली, "पाणी आटल्यावर चालत जायचं की मंग." शाळेत इतकी वर्षं ही गोष्ट सांगितली, पण हे मला कुणी सुचवलं नव्हतं. मग त्यांनी मला सांगितलं की टिटवी उंचावर अंडी घालते त्या साली पाऊस लई असतो, आणि ती पाय वर करून झोपते, कारण आभाळ पडलं तर तिला धरायचं असतं. एका पोराने टिटवी अशी काही ओरडून दाखवली की शेळी उठून उभी राहिली. कोप्यांपासून काठ जवळ होता आणि तिथे खरोखरच चक्रवाकाची जोडी बसलेली होती. दुर्बीण एकेकाच्या हातात दिली. त्या मुलीने भावाला खाली ठेवलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "डोकं पिवळं हाय, बाकी समदं भगवं." वर्णन अचूक होतं. या सगळ्या प्रवासात मला सर्वांत जास्त आनंद झाला तो इथे. रोहित दिसले नसते तरी मला चाललं असतं.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. पण मोठ्या माणसाला विचारल्याशिवाय पोरांत बसू नका आणि पालक फडात असताना पोरांचे फोटो काढू नका. चॉकलेटं वाटून निघून जाण्यापेक्षा चित्रांची पुस्तकं न्या आणि तिथेच ठेवून या. वेळ सकाळी उन्हं तापायच्या आत. दुपारी पोरं मोठ्यांची भाकरी घेऊन फडाकडे जातात. गोष्ट लहान ठेवा आणि त्यांची गोष्ट ऐकायला निम्मा वेळ राखून ठेवा.

परतीला पुण्यापर्यंत सायकल चालवू नका. दुपारनंतर वारा समोरून येतो, कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीजवळ वास सोसवत नाही आणि महामार्गावर पाहण्यासारखं काही उरलेलं नसतं. पहाटे निघून दौंड गाठा, तिथून पुण्याला गाड्या भरपूर आहेत. सायकल डब्यात चढवायचा प्रयत्न करू नका, पार्सल ऑफिसात नोंदवा. गाडीच्या बऱ्याच आधी पोचा, कारण तिथला कारकून जेवायला गेला असेल तर थांबावं लागतं. दिवे, पंप आणि बाटली काढून स्वतःजवळ घ्या आणि पावती पुण्यात सायकल हातात येईपर्यंत सांभाळा.