निटिनॉलची तार, भट्टी आणि वडोदऱ्याचा उन्हाळा

निटिनॉल हा निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू; वाकवला तरी तापवल्यावर आधी बसवलेला आकार परत घेतो, म्हणून त्याला स्मृती आहे म्हणतात. पण तार आली तेव्हा तिच्यात स्मृती वगैरे काही दिसत नव्हती. थोडी वाकवली की उसळून सरळ व्हायची, जास्त वाकवली की तशीच राहायची, आणि उकळत्या पाण्यात सोडली तरी फारसा फरक पडायचा नाही. वडोदऱ्याच्या कलाभवनात, म्हणजे तिथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, मेटलर्जीत एम.ई. करताना माझा प्रबंध याच तारेवर होता. ५०.८ अणुटक्के निकेल, बाकी टायटॅनियम, आणि शेवटच्या टप्प्यात थंड ओढून छेदाचं क्षेत्रफळ सुमारे ४० टक्के कमी केलेलं. हा शेवटचा आकडा पुरवठादाराकडून काढून घेताना नाकी नऊ आले. रचनेचा दाखला सगळे देतात. तार किती ओढली, मध्ये कधी तापवली, हे विचारलं की फोन दुसऱ्याकडे दिला जातो.

रचना महत्त्वाची आहेच. निकेल ०.१ अणुटक्क्याने वाढलं तर रूपांतराचं, म्हणजे गरम असतानाची ऑस्टेनाइट ही स्फटिकरचना आणि थंड असतानाची मार्टेन्साइट यांच्यातल्या अदलाबदलीचं, तापमान साधारण १० अंशांनी खाली येतं. पण त्याच रचनेची तार वेगवेगळी तापवली तर एएफ, म्हणजे ज्या तापमानाला ती पूर्ण ऑस्टेनाइट होते ते तापमान, कितीतरी अंश सरकतं. मला हेच मोजायचं होतं.

प्रयोगशाळेतल्या मफल भट्टीचा वेळ मिळेना, म्हणून पहिल्या फेरीसाठी मकरपुऱ्यातल्या एका हीट ट्रीटमेंटच्या शेडमध्ये गेले. तिथले काका मूळचे साताऱ्याचे, उभा जन्म पोलादात गेलेला. मी तार पाण्यात विझवायला सांगितल्यावर म्हणाले, "अगं, मग काचेसारखी तुटेल ना!" त्यांचं बरोबरच होतं, पण पोलादापुरतं. पोलाद झटकन थंड केलं की होणारं मार्टेन्साइट कडक असतं. निटिनॉलचं मार्टेन्साइट उलट मऊ, बोटांनी वाकेल असं. इथे पाणी लागतं ते भट्टीत जे घडलं ते तिथेच थांबवायला. हळू थंड केलं तर वाटेत अवक्षेप, म्हणजे धातूच्या आत वेगळे पडणारे बारीक कण, बनत राहतात आणि आपण नक्की काय मोजतोय ते कळत नाही. काकांनी ऐकून घेतलं, विझवलेली तार स्वतः वाकवून बघितली, आणि पुढच्या नगाला सांडशी माझ्या हातात दिली.

आकार बसवताना तार पोलादी पट्टीवर स्क्रूंनी घट्ट आवळावी लागते, कारण तापताना ती जोर लावून निसटू बघते. ही पट्टी तारेपेक्षा कितीतरी जड. भट्टीचा आकडा ५०० दाखवत असताना पट्टीला टेकवलेलं थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बरंच मागे असतं. मी वेळ नेहमी पट्टीच्या तापमानापासून धरला. शोधनिबंधांत 'अमुक मिनिटं' लिहिलेलं असतं, ती कुठून मोजली ते बहुतेक वेळा गाळलेलं असतं, आणि माझ्या मते निम्मे मतभेद तिथूनच येतात.

मग डीएससी, म्हणजे तापवताना-थंड करताना नमुना किती उष्णता घेतो-सोडतो ते मोजणारी चाचणी; रूपांतर झालं की आलेखात शिखर उमटतं. बाहेरच्या एका प्रयोगशाळेने आधी फक्त तापवतानाचा आलेख पाठवला. मला थंड करतानाचाही हवा होता, कारण आर-फेज, म्हणजे ऑस्टेनाइट आणि मार्टेन्साइट यांच्या मधली अवस्था, तिथे स्पष्ट वेगळी दिसते. भांडून तो मिळवला. न तापवलेल्या तारेचा आलेख जवळजवळ सपाट: थंड ओढणीने स्फटिकांत तयार झालेल्या दोषांच्या, म्हणजे डिस्लोकेशनच्या, गर्दीत मार्टेन्साइटला सरकायला जागाच नव्हती. ४५० अंशांवर चित्र पालटलं. ती गर्दी थोडी विरळ झाली, आणि सोबत निकेल जास्त असलेले बारीक अवक्षेप उगवले. त्यांनी भोवतीचं निकेल ओढून घेतलं, म्हणून एएफ वर चढलं आणि थंड होताना आधी आर-फेज, मग मार्टेन्साइट अशी दोन शिखरं उमटली. तिथेच जास्त वेळ ठेवलं तर एएफ आणखी वर. ५५० च्या पुढे उलटा प्रवास: अवक्षेप विरघळतात, निकेल परत मूळ जागी, एएफ खाली. ७०० ला तर धातूचे नवे, दोषमुक्त स्फटिक तयार झालेले आणि एकच शिखर.

आलेख बघून ७०० ची तार सर्वांत 'शुद्ध' वाटते. ओढून-सोडून बघितली की खरं कळतं. प्रत्येक फेरीला ती थोडी लांबच राहायची आणि ते लांबणं साचत जायचं, कारण स्लिप, म्हणजे स्फटिकातल्या थरांचं कायमचं घसरणं, अडवायला आत काहीच उरलेलं नव्हतं. ४५० ची तार मात्र सुरुवातीच्या काही फेऱ्यांनंतर स्थिरावली. थंड ओढणीने दिलेली ताकद सगळी घालवायची नाही, रूपांतराला वाट मिळेल इतकीच सैल करायची. स्मृतीसाठी तापवणं जितकं लागतं तितकीच आधीची ओढाताणही लागते. हे मला पुस्तकातून इतकं पटलं नव्हतं.

एएफ मी घरच्या पद्धतीनेही तपासत होते. खंडेराव मार्केटजवळून बर्फ आणायचा, पॉटमधल्या आइसक्रीमसारखं त्यात मीठ घालायचं, तार त्या थंडीत वाकवायची आणि पाणी हळूहळू तापवत ती कधी सरळ होते ते बघायचं. डीएससीच्या आकड्याच्या जवळपास उत्तर येई, आणि रांग लावावी लागत नसे.

त्यातूनच एक गोष्ट ध्यानात आली. एका नगाचं एएफ २८ च्या आसपास होतं. जानेवारीच्या सकाळी तो वाकवला की वाकलेलाच राही; मे महिन्यात, प्रयोगशाळेत ४० अंश असताना, तोच रबरासारखा परत येई. शिवाय तापमान एका अंशाने वाढलं की मार्टेन्साइट घडवायला लागणारा ताण सुमारे ६ ते ७ मेगापास्कलने वाढतो. १५ अंशांचा फरक म्हणजे जवळजवळ १०० मेगापास्कल. गाइड सरांना हे दाखवल्यावर ते म्हणाले, "मग प्रत्येक चाचणीसमोर खोलीचं तापमान लिही." प्रबंधातल्या सगळ्या तक्त्यांत तो रकाना घातला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिला प्रश्न त्या रकान्यावरच विचारला.