आमची वाटचाल: घर विट्याजवळ, मालक कोइमतूरला

2010 साली सांगली जिल्ह्यातल्या विट्यात दुकान टाकलं तेव्हा पाटीवर ‘कॉम्प्युटर व यूपीएस दुरुस्ती’ एवढंच लिहिलं होतं. घरावर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांचं काम माझ्या डोक्यातही नव्हतं. त्या वाटेला मला गलाईवाल्यांनी, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्या आमच्याकडच्या लोकांनी, लावलं.

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ हा पट्टा पूर्वापार दुष्काळी. शेतीवर भागेना म्हणून इथली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात शिरली आणि जिथं सराफ बाजार आहे तिथं जाऊन बसली. तमिळनाडू, केरळ, आंध्र, बंगाल, कुठंही जा, सराफकट्ट्यामागच्या बोळात आमच्याकडचं कुणीतरी भेटतंच. त्या कमाईतून गावाकडं चांगली घरं उभी राहिली. त्या घरांत राहतात मात्र म्हातारे आई-वडील, आणि कित्येक घरांना वर्षातले दहा महिने नुसतं कुलूप असतं.

माझे एक लांबचे मामा कोइमतूरला असतात. मे महिन्यात जत्रेला आले होते. दुकानात बसून चहा घेता घेता म्हणाले, “तिथं भट्टीवर बसून मला गावचं घर दिसलं पाहिजे बघ. आई एकटीच असती. जमतंय का तुला?” मी जमतंय म्हणालो. तोवर मी एकही कॅमेरा बसवलेला नव्हता.

सांगलीहून चार चॅनेलचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्र साठवून ठेवणारं यंत्र), चार कॅमेरे आणि थ्री प्लस वन केबलचं बंडल आणलं. मी आणि माझा मावसभाऊ, दोघांनी दोन दिवसांत वायर ओढली, वायरच्या टोकांना बीएनसी कनेक्टर जोडले, टीव्हीवर चित्र आलं. पण तेच चित्र कोइमतूरला दिसायला तीन आठवडे गेले. आमच्या धंद्याचं खरं शिक्षण त्या तीन आठवड्यांत सुरू झालं.

अडचण अशी होती. घरातल्या डीव्हीआरला राउटर, म्हणजे घरात नेट वाटून देणारा डबा, जो पत्ता देतो, 192.168 नं सुरू होणारा, तो फक्त घरापुरता असतो. बाहेरच्या जगाला घराचा एकच पत्ता दिसतो, तो राउटरचा. वाड्याला दिंडी दरवाजा एकच आणि आत बिऱ्हाडं अनेक, तसं. बाहेरून कुणी आलं तर त्याला कुठल्या खोलीत पाठवायचं हे दारावरच्या माणसाला सांगून ठेवावं लागतं. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन “अमुक नंबरच्या पोर्टवर जे येईल ते डीव्हीआरकडं सोड” असं लिहिणं म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. हे मी रात्री जागून शिकलो. केलं, आणि चाललं. दुसऱ्या दिवशी बंद.

त्या काळात भारनियमन जोरात होतं. लाइट गेली की राउटर बंद, लाइट आली की त्याला बाहेरचा नवा पत्ता मिळायचा आणि मामांच्या हातात जुना. वर डीव्हीआरलाही घरात वेगळा नंबर मिळायचा, त्यामुळं राउटर जुन्या रिकाम्या खोलीकडं माणूस पाठवत राहायचा. आतला घोळ डीव्हीआरला नंबर कायमचा बांधून दिल्यावर मिटला. बाहेरचा घोळ मिटला डायनॅमिक डीएनएसनं. त्यात घराला एक नाव मिळतं, आणि पत्ता बदलला की राउटर स्वतःच त्या सेवेला कळवतो. ‘डाइन’ (Dyn) नावाच्या अमेरिकन कंपनीची ही सेवा तेव्हा फुकट मिळायची. ते नाव लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहे.

मग कळलं की टेलिफोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड घेताना वेगवान असलं तरी पाठवताना फार बारीक असतं. कोइमतूरला चित्र बघायचं म्हणजे इथून पाठवायचं असतं. मोठं चित्र, म्हणजे मेन स्ट्रीम, तिथं पोचेच ना. शेवटी रेकॉर्डिंग मोठ्या चित्राचं आणि बाहेर पाठवायला छोटं सब स्ट्रीम, अशी विभागणी केली. त्या संध्याकाळी मामांचा फोन आला. “आई अंगणात शेंगा फोडत बसलीया,” एवढंच बोलले आणि बराच वेळ फोनवर काही आवाज नाही. मी ठेवला नाही, त्यांनीही ठेवला नाही.

त्यानंतर कॅमेऱ्याची कामं आपोआप येत गेली. एका गलाईवाल्याच्या मोबाइलवर घर दिसलं की शेजारच्या दुकानातले चौघं नंबर मागायचे. यंत्रमागाचे कारखाने आले, द्राक्षबागेतली शेड आली. आम्ही दोघांचे पाच जण झालो.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो, त्याकडं येतो. काम वाढलं तसा आमचा हात सैल पडला. प्रत्येक राउटरचं सेटिंग वेगळं, कुठं पोर्ट उघडायचा नाही, कुठं दोन राउटर एकापुढं एक असायचे. अशा वेळी आम्ही एक आडवाट धरली होती: डीएमझेड. त्यात डीव्हीआरचा नंबर टाकला की बाहेरून येणारं सगळंच त्याच्याकडं जातं, वेगवेगळे पोर्ट लिहायची गरज नाही. पाच मिनिटांत काम, ग्राहक खूश. पासवर्डही कारखान्यातून येतो तोच ठेवायचो, म्हणजे पुढं फोनवर मदत करायला सोपं. एका वहीत गाव, नाव, राउटरचा पासवर्ड, डीव्हीआरचा पासवर्ड असं लिहून ठेवायचो. त्या वहीत 140 च्या वर घरं होती.

2016 च्या दिवाळीनंतर एका घरून तक्रार आली की नेट रात्रभर अडकतंय. जाऊन पाहिलं तर डीव्हीआरच्या लॅन पोर्टचा, म्हणजे नेटची केबल लागते तिथला, दिवा लुकलुकायचा थांबतच नव्हता. मोबाइलवर कुणी बघत नव्हतं, तरी तो काहीतरी पाठवत होता. केबल काढली की नेट मोकळं. डीव्हीआर बंद करून चालू केला की थोडा वेळ शांत आणि मग पुन्हा तेच. तसंच दुसरं घर सापडलं, तिसरं सापडलं. तिन्हीकडं डीएमझेड आम्हीच लावलेलं.

तेव्हा शोधून वाचलं. ‘मिराई’ नावाचा एक प्रोग्राम इंटरनेटवर फिरत होता. कॅमेरे, डीव्हीआर, राउटर शोधायचा आणि साठेक ठरावीक नाव-पासवर्डच्या जोड्या टेलनेटवर, म्हणजे यंत्रात दुरून शिरून हुकूम द्यायच्या जुन्या सोयीवर, लावून बघायचा. लागली की आत. तो यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत राहतो, म्हणून बंद-चालू केलं की पुसला जातो, पण दार उघडंच असल्यानं काही मिनिटांत परत शिरतो. आम्ही जे पाहत होतो त्याच्याशी हे तंतोतंत जुळत होतं. स्वस्तातल्या बऱ्याच डीव्हीआरमध्ये टेलनेटचा पासवर्ड कारखान्यातच पक्का केलेला होता, मालकाला बदलताच येत नव्हता. पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये निदान नेमके पोर्ट उघडे राहिले असते. डीएमझेडनं आम्ही सगळेच उघडून दिले होते.

21 ऑक्टोबर 2016 ला अशाच लाखभर यंत्रांनी मिळून एका कंपनीवर एकदम मारा केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या मोठ्या साइट कित्येक तास लोकांना उघडेनात. ती कंपनी होती डाइन. जिच्या फुकटच्या नावावर आम्ही मामांचं अंगण कोइमतूरला पोचवलं, तीच. त्यांनी फुकट सेवा 2014 च्या मे महिन्यात बंद केली होती आणि आम्ही ग्राहकांना दुसरीकडं हलवलं होतं. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. आमच्या तीन घरांतले डीव्हीआर त्या माऱ्यात होते की नाही, हे कळायला मार्ग नाही. पण तसल्या कामाला लागतील अशी यंत्रं मी स्वतःच्या हातानं उघडी ठेवली होती, हे नक्की.

दुसऱ्या दिवशी पोरांना बसवून सांगितलं: वहीतलं प्रत्येक घर परत गाठायचं, पैसे घ्यायचे नाहीत. चार महिने लागले. आटपाडीच्या पलीकडची गावं, पावणेदोन तासांची एकेक फेरी. डीएमझेड काढायचं, पासवर्ड बदलायचा, टेलनेट बंद होत असेल तर करायचं, फर्मवेअर (यंत्रातलं मूळ सॉफ्टवेअर) नवं असेल तर चढवायचं. राउटरमधलं यूपीएनपीही बंद करायचं, कारण त्यातून डीव्हीआर कुणाला न विचारता स्वतःच पोर्ट उघडून घेतो. सतरा डीव्हीआर असे निघाले की त्यांचं काहीच करता येईना. ते निम्म्या किमतीत बदलून दिले, उरलेली निम्मी आम्ही सोसली. ते वर्ष धंद्याला जड गेलं. त्या खर्चाबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

आणि ती वही. एवढ्या घरांच्या किल्ल्या एका टेबलाच्या खणात, आणि खणाला कुलूप नाही. वही मी घरच्या चुलीत जाळली. तेव्हापासून पासवर्ड ग्राहक स्वतः टाकतो आणि आमचा माणूस पाठ फिरवून उभा राहतो. म्हाताऱ्या माणसांना टाइप करायला वेळ लागतो, तरी थांबायचं. विसरायची भीती असेल तर त्यांनीच कागदावर लिहून कपाटात ठेवायचा.

तोवर जगही बदललं. स्वस्त डेटा आला, गावोगाव फायबर आलं, आणि पोर्ट फॉरवर्डिंग अचानक चालेनासं झालं. सेटिंग सगळं बरोबर, तरी बाहेरून काही येईना. कारण आयपीव्ही4 चे, म्हणजे इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे, पत्ते जगभरात मिळून सव्वाचारशे कोटींच्या आसपास, आणि आशियाच्या वाट्याचा मोकळा साठा 2011 मध्येच संपत आलेला. म्हणून कंपन्या एक बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटून देतात. म्हणजे आपल्या वाड्याबाहेर आणखी एक मोठा वाडा, आणि त्याच्या दारावरचा माणूस आपलं ऐकत नाही. ओळखायचं कसं? राउटरमध्ये वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता बघा. तो 100.64 ते 100.127 मध्ये असेल किंवा 10 नं सुरू होत असेल, तर पोर्ट उघडण्यात वेळ घालवू नका. वेगळे पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे कायमचा स्वतंत्र पत्ता, घ्यावा लागेल.

बहुतेक घरांत आता पीटूपी चालतं. डीव्हीआर स्वतःच बाहेर पडून कंपनीच्या सर्व्हरला भेटतो, मोबाइलही तिथंच जातो आणि सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. राउटरमध्ये काही उघडावं लागत नाही. डीव्हीआरवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की झालं. सोपं आहे आणि डीएमझेडपेक्षा कितीतरी बरं आहे. पण इथं विश्वास त्या कंपनीच्या सर्व्हरवर टाकावा लागतो, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो. ज्याला तेही नको, त्याच्या राउटरवर वायरगार्डचं व्हीपीएन, म्हणजे घरात शिरायची खाजगी बंदिस्त वाट, बसवतो. मग मोबाइल आधी घराच्या जाळ्यात शिरतो आणि नंतरच डीव्हीआरशी बोलतो. त्यालाही बाहेरचा खरा पत्ता लागतो, म्हणून आधी आयपीव्ही6, म्हणजे नव्या पद्धतीचा पत्ता, मिळतोय का ते तपासतो. हे काम आम्ही अजून थोड्याच घरांत केलंय.

पीटूपीत एक नवी खोड शिरली आहे आणि ती आमच्या धंद्यातल्या लोकांची आहे. बसवणारा डीव्हीआर स्वतःच्या मोबाइलच्या खात्यात जोडतो आणि मालकाला तिथून नुसतं शेअर करतो. मालकाला चित्र दिसतं, त्याला वाटतं काम झालं. खरा मालक मात्र बसवणारा. त्याच्या फोनवर त्या घराचं अंगण, सोपा, जाणं-येणं सगळं कायम उघडं. उद्या भांडण झालं, तो गाव सोडून गेला, तर मालकाला स्वतःचाच डीव्हीआर नव्यानं जोडता येत नाही, कंपनीकडं बिल आणि सीरियल नंबर पाठवून सोडवून घ्यावा लागतो. अशी घरं आमच्याकडं दर महिन्याला येतात. माझी कळकळीची विनंती आहे: ॲपमध्ये डिव्हाइस ‘शेअर केलेलं’ असं दिसत असेल, तर आजच बसवणाऱ्याला फोन करा.

आणखी एक गोष्ट मला एका आजींनी शिकवली. मुलाच्या सांगण्यावरून आम्ही सोप्यात कॅमेरा लावला होता. आठ दिवसांनी मुलाचा हैदराबादहून फोन, चित्र काळं आहे. जाऊन बघतो तर कॅमेऱ्यावर टॉवेल टाकलेला. आजी म्हणाल्या, “बाबा, मला पदर सोडून बसायला घरात एक जागा तर ठेव.” मी कॅमेरा काढून दारावर लावला आणि मुलाला तसं कळवलं. तो आधी चिडला, मग गप्प झाला. त्या दिवसापासून घरात जो राहतो त्याला विचारल्याशिवाय आम्ही आत कॅमेरा लावत नाही, पैसे कुणीही देत असो.

2025 च्या एप्रिलपासून सरकारनं कॅमेऱ्यांना सुरक्षेची तपासणी सक्तीची केली. माल महागला, काही दिवस मिळेनासाही झाला, ग्राहकांना समजावताना दमछाक झाली. तरी मी त्या नियमाच्या बाजूनं आहे. त्या सतरा डीव्हीआरची आठवण अजून ताजी आहे.

सध्या आम्ही मे महिन्याची तयारी करतोय. जत्रांना गलाईवाले गावी येतात, तेव्हाच खरे मालक समोर भेटतात. दुकानाबाहेर मांडव घालून दोन टेबलं लावणार आहोत. आपला मोबाइल आणि डीव्हीआरवरच्या स्टिकरचा फोटो घेऊन या, कॅमेरे कुणीही बसवलेले असोत. खातं तुमच्या नावावर आहे का ते बघून देऊ, नसेल तर करून देऊ. मामांनी पहिल्या दिवसाचा नंबर आत्ताच लावून ठेवलाय.