अंगठ्यापाशी अडलेलं आमचं गुप्तहेर शिबिर

गावातल्या पोरांसाठी उन्हाळ्यात गुप्तहेर शिबिर घ्यायचं ठरवलं, तेव्हा दहा दिवसांत आटोपेल असं वाटलं होतं. अठरा दिवस लागले. त्यातले आठ एकट्या अंगठ्यानं खाल्ले. त्याची चुटपुट अजून जात नाही, म्हणून लिहिते.

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, कापसाचं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, म्हणून वेळ सकाळी सात ते साडेनऊ आणि जागा समाजमंदिर. पोरं एकोणीस, तिसरी ते सातवीतली. निरीक्षणाचा खेळ पहिल्याच दिवशी जमला. परातीत सरकी, टिकली, एसटीचं तिकीट, तुटकी बांगडी अशा पंधरा वस्तू ठेवायच्या, मिनिटभर पाहू द्यायचं, मग ओढणी झाकून हळूच एक काढून घ्यायची. पावलांचे ठसे हातपंपाजवळच्या चिखलात घेतले. काळी माती ठसा इतका स्वच्छ धरते की टाचेची भेगसुद्धा दिसते. पावलाची लांबी साधारण उंचीच्या १५ टक्के असते, म्हणजे २१ सेंटिमीटरचं पाऊल असेल तर माणूस १४० सेंटिमीटरच्या आसपास. हा हिशेब हाती आल्यावर पोरांनी अख्खं गाव मोजून काढलं.

सहाव्या दिवशी बोटांचे ठसे घेतले आणि तिथं गाडं रुतलं.

व्हिडिओत फार सोपं दाखवतात. पावडर भुरभुरा, ब्रश फिरवा, ठसा हजर. आमच्याकडे तसली पावडर कुठली? काचेच्या पेल्यावर रांगोळी टाकली तर नुसते ओरखडे उठले. रांगोळी ही दगडाची भुकटी, तिचे कण जाड, रेषांना ती धरूनच राहत नाही. टाल्कम पावडर काचेवर नीट दिसेना. शिवाय मी एक चूक रोज करत होते, पोरांना आधी साबणानं हात धुवायला लावत होते. पेल्यावर उमटतो तो घाम आणि तेल. बोटांच्या टोकांना तेलाच्या ग्रंथी नसतात, ते तेल कपाळाला, केसांना हात लावून बोटांवर येतं. धुतलेल्या बोटात उमटण्यासारखं काही उरत नाही, आणि मेच्या कोरड्या हवेत घामही लगेच उडतो. हे कळेपर्यंत दोन दिवस गेले.

पण खरा खोळंबा पुढे झाला. प्रत्येकाच्या दहा बोटांचा तक्ता करायचा म्हणून मी कोरे कागद आणि स्टॅम्पपॅड काढलं. दुसऱ्या दिवशी एकोणिसातली सातच पोरं आली. एका मुलाचे आबा दारात उभे होते. चप्पल काढली नाही, आत आले नाहीत.

"कोऱ्या कागदावर पोराचा अंगठा कायले पायजे वो बाई तुले?"

मी शास्त्र सांगायला लागले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माह्या बापानं असाच अंगठा देल्ला होता सावकाराले. वावर गेलं."

त्या वेळी मला राग आला. एवढी तयारी केली, आणि सारं एका कागदावर अडलं. पण मग संध्याकाळी घरोघर फिरले. दिवसा सगळे कामाला गेलेले, त्यामुळे एका संध्याकाळी दोन-तीनच घरं व्हायची. आणखी दोन घरांत तीच गोष्ट ऐकली, फक्त सावकार वेगळा. मला वाटत होतं अंगठा म्हणजे विज्ञान. गावात अंगठा म्हणजे सातबारा. आणि इतिहास पाहिला तर गावच बरोबर निघतं. आपल्या देशात या ठशांची सुरुवात चोर पकडायला झालीच नाही. १८५८ मध्ये बंगालमध्ये हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई या ठेकेदाराचा पंजा करारावर उमटवून घेतला, तो पुढे शब्द फिरवू नये म्हणून. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांची कचेरी उघडली, त्यानंतरची गोष्ट गुन्हेगारांची. तिथल्या वर्गीकरणाचं मोठं काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी केलं. हे पोरांना मी पुढे मुद्दाम सांगितलं.

शेवटी मार्ग निघाला तो असा. कागदावर आधीच आडव्या रेघा मारल्या आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं, "खेळासाठी". नाव कुणाचंच नाही. तूर, चना, ज्वारी, पऱ्हाटी अशी खुणेची नावं दिली. मोबाइलमध्ये फोटो काढला नाही. खेळ झाला की कागद ज्याचा त्यानं घरी न्यायचा. कुणी असं शिबिर घेणार असेल तर आधी पालकांना बोलवा, स्टॅम्पपॅड नंतर काढा.

ठशाची युक्तीही तोवर सापडली होती. तेलाच्या दिव्यावर स्टीलचं झाकण धरून काजळी जमवायची, ती खरवडून बारीक करायची आणि रंगाच्या मऊ ब्रशनं हलकी फिरवायची. बोट आधी कपाळावर फिरवलेलं असावं. खोबरेल मात्र लावू नका, सगळं फासतं. पेल्यावर आधी करडा डाग येतो, मग त्यातून एकेक रेषा सुटी होत जाते. त्या क्षणी बारा डोकी एका पेल्यावर वाकली होती, कुणी श्वास सोडेना. वर चिकटपट्टी दाबून पांढऱ्या कागदावर लावली की ठसा कायमचा. लहान पोरांना पेन्सिल पुरते. कागदावर शिसं गच्च घासायचं, बोट त्यावर फिरवून चिकटपट्टीला लावायचं. हे कधी चुकत नाही.

शंख आणि चक्र पोरांना आजीकडून माहीत होतेच. शंख जास्त निघाले. साधारणपणे ते ६० ते ६५ टक्के असतात, कमानीसारख्या रेषांचे ठसे सगळ्यांत कमी.

आबाही शेवटी आले, नातवाच्या कागदावर काय आहे ते पाहायला. त्यांच्या अंगठ्याला काजळी लावली तर रेषाच नाहीत, जवळजवळ सपाट. पन्नास वर्षं कापूस वेचला, नांगर धरला. जन्मापासूनचा नमुना बदलत नाही, पण वरच्या रेषा झिजतात. रेशन दुकानात मशीनवर त्यांचा अंगठा का लागत नाही, हे पहिल्यांदा कुणी तरी त्यांना दाखवलं. तोवर दरवेळी त्यांना "नीट दाबा" एवढंच ऐकवलं जात होतं, आणि याची मला आजही चीड येते. आधार काढताना दहाही बोटं घेतलेली असतात. पोरांनी भिंग घेऊन आबांची दहाही बोटं तपासली. डाव्या हाताच्या अनामिकेवर रेषा शाबूत होत्या.

पुढच्या महिन्यात नातू आबांसोबत रेशन दुकानात गेला. अंगठा दोनदा लागला नाही. "आबा, डावा हात, करंगळीच्या बाजूचं बोट लावा," तो म्हणाला. मशीननं पावती काढली.

आणि काजळीच्या दिवशी जुने कपडे घालून यायला सांगा. आधी तेल, मग साबण लावला तरच ती निघते.