वेल उतरवली

बुधवार, 8 ऑक्टोबर 2025

परवा रात्रीपासून डोक्यात एकच घोळतंय. पलीकडच्या बाई फायरप्लेसवर सोडलेली वेल काढ म्हणाल्या, त्याचं काही नाही. पण मी ती एवढ्या घाईने का काढली? बाईंच्या हातातलं मसाला दूध अर्धंही झालं नव्हतं, त्यांचं बोलणंही पुरं झालं नव्हतं, आणि मी स्टुलावर चढलेसुद्धा.

शनिवारचा अख्खा दिवस त्या फायरप्लेसपाशी गेला होता. गुरुवारी दसरा झाला, घट हलवले, शुक्रवारी सगळं आवरून ठेवलं आणि शनिवारी सकाळी घर एकदम रिकामं वाटायला लागलं. धाकटीची खोली तर ऑगस्टपासूनच... ते आज नको.

दरवर्षी पानं रंगायला लागली की मी मँटल, म्हणजे फायरप्लेसवरची फळी, सजवते. आमचा मँटल म्हणजे एक जाड तुळईच आहे, घराइतकी जुनी. कडेला तासलेल्याच्या खुणा तशाच आहेत, बोट फिरवलं की लागतात. अशा लाकडावर चकचकीत काही शोभत नाही. दुकानात सप्टेंबर लागला की नारिंगी प्लास्टिकच्या पानांच्या माळा येतात, त्या मला बघवत नाहीत. बाहेर खरी पानं पडलेली असताना खोटी विकत कशाला आणायची? मला रानातलं, शेतातलं, जुनं वापरलेलं लागतं, आणि तेही मोजकंच. सगळं मांडून झालं की मी निम्मं काढून ठेवते. मग उरलेलं दिसायला लागतं.

डाव्या कोपऱ्यात ब्रिमफिल्डच्या जुन्या बाजारातून आणलेली मातीची बरणी, राखाडी, एका बाजूने टवका उडालेली. त्यात ओकची फांदी, हिरवट-तपकिरी, कारण ओक मेपलसारखा पेटून उठत नाही, सावकाश तांबूस होतो. तिच्या पायाशी तीन भोपळे. एक मोठा जॅराडेल, निळसर राखाडी, खोल शिरांचा, आणि दोन तळहातावर मावतील असे पांढरे बेबी बू. उजवीकडे आईचा पितळी तांब्या. तो मी मुद्दाम घासला नाही, काळवंडलेलाच छान दिसतो. आईने बघितला असता तर आधी चिंच भिजत घातली असती. तांब्यात हायड्रेंजियाची फुलं. ती कापायची वेळ साधावी लागते. पाकळी बोटांत धरल्यावर कागदासारखी वाजली की कापायची. लवकर कापली तर दोन दिवसांत माना टाकतात.

डावीकडे उंच, उजवीकडे ठेंगणं, मध्ये बरीचशी मोकळी जागा. पण नजर इकडून तिकडे जाईना. बरणीपाशीच अडकून बसायची. मधे काहीतरी वाहतं हवं होतं.

ते शोधायला गल्लीच्या टोकाला गेले तर दगडी गडग्यावर ती वेल पसरलेली. पानं पिवळी पडत आलेली आणि पानापानाच्या बेचक्यात पिवळ्या फळांचे झुबके. मी जागीच थांबले. मालकांगोणी! आजोळी घराच्या मागच्या चढावर होती तशीच. आजी तिच्या बियांचं तेल गुडघ्यांना चोळायची, आणि परीक्षा जवळ आली की दोन थेंब माझ्या टाळूवर थापायची. बुद्धी वाढते म्हणायची. त्या तेलाचा उग्र वास इतक्या वर्षांनी इथे मॅसॅच्युसेट्समधल्या रस्त्यावर नाकात आला. वेलीला वास नव्हता, तो माझ्याच डोक्यातून आला. मी घरी पळत जाऊन कात्री आणली.

चार हात लांब वेल तुळईवर आडवी सोडली, एक टोक डावीकडे भिंतीलगत खाली. फायरप्लेसच्या तोंडावर सुकं काही लोंबू द्यायचं नाही, एवढं मी पाळते. मेणबत्त्याही बॅटरीवरच्याच. रविवारी ताईला फोटो पाठवला. तिचं लगेच उत्तर, “अगं, ही मालकांगोणी ना? तिकडे पण मिळते?” मी लिहिलं, “मिळाली!” आणि दिवसभर मला उगाच बरं वाटत राहिलं.

सोमवारपर्यंत घरातल्या उबेने फळं तडकली. हे मी स्टुलावर उभी राहून कितीतरी वेळ बघितलं. मिरीपेक्षा थोडं मोठं फळ, त्याच्या तीन पिवळ्या पाकळ्या उलगडून मागे वळतात आणि आत लालभडक गर. एका झुबक्यातली दोन उमललेली, दोन मिटलेली, एकाला नुसती चीर. उजेड पडला की लाल रंग ओला वाटतो. आजोळी मी ही फळं तोडली होती, चुरगळली होती, पण अशी उमलताना कधी बघितली नव्हती.

आणि त्याच संध्याकाळी कोजागिरी. यंदाची कोजागिरीची पौर्णिमा म्हणजेच इकडचा हार्वेस्ट मून. दिवस-रात्र सारखे होतात त्या दिवसाला सगळ्यात जवळची पौर्णिमा, एरवी बहुतेक वेळा सप्टेंबरात येते, यंदा ऑक्टोबरात आली. आमची घटस्थापना तर नेमकी त्या विषुवाच्याच दिवशी, 22 सप्टेंबरला होती. हे सगळं सांगायचं म्हणून मी पलीकडच्या बाईंना मुद्दाम दूध प्यायला बोलावलं होतं.

बाई आल्या, मँटलकडे बघून “किती सुंदर” म्हणाल्या आणि जवळ गेल्या. मग त्यांचा चेहरा बदलला. ही वेल कुठून आणलीस, विचारलं. मी सांगितलं. त्या हळूच म्हणाल्या, “ही आमच्या इथली नाही. ही घरात नको ठेवूस.” पुढे आणखी काही सांगणार होत्या. पण माझ्या तोंडून “सॉरी, सॉरी” निघालं आणि मी वर चढून वेल ओढली. दोन फळं भोपळ्यावर पडली. त्यांच्यादेखत सगळं कचऱ्याच्या पिशवीत कोंबलं. त्या म्हणत होत्या, “अगं, आत्ता लगेच नाही...”

मग आम्ही अंगणात चंद्र बघितला. म्हणजे त्यांनी बघितला. विषुवाबद्दल, घटांबद्दल मी काही बोललेच नाही.

“बरोबरच सांगितलं की त्यांनी,” हा म्हणाला. धाकटीला फोनवर सांगितलं तर तीही तेच म्हणाली, वर कॉलेजात शिकलेलं चार वाक्यं जास्त. मीही बसून वाचलं. ओरिएंटल बिटरस्वीट. चीन, जपान, कोरियाकडची. 1860च्या सुमारास बागेत शोभेसाठी आणली आणि ती बागेत राहिली नाही. झाडाला विळखे घालते, खोड आवळते, शेंड्यावर पसरून ऊन अडवते, बर्फ साचला की वेलीच्या ओझ्याने झाडच मोडतं. पक्षी फळं खातात आणि बी लांब नेऊन टाकतात. सजावटीच्या माळा करून दारावर लावल्या की त्यातूनही पसरते. या राज्यात 2006पासून ती विकायलाही बंदी आहे. इथली अस्सल बिटरस्वीट वेगळी, तिला फळं फक्त फांदीच्या टोकाला येतात. माझ्या वेलीला पानापानाशी होती, म्हणजे शंकाच नको.

आणि मालकांगोणी? तीही त्याच वंशातली, सेलास्ट्रस. जात निराळी. म्हणजे माझी ओळख अगदीच चुकली नव्हती. चुलत बहीण म्हणता येईल.

हे सगळं कळूनही टोचणी जाईना. वेल गेली म्हणून टोचत नव्हतं. बावीस वर्षं इथे आहोत. ऑफिसात डबा उघडताना कुणी नाक वळवायच्या आधीच मी खिडकी उघडते. माझं नाव कुणी अडखळत उच्चारलं की मीच “चालेल, चालेल” म्हणते. कुणी काही म्हणायच्या आत माझा हात पुढे. काल दुपारी याच विचाराने रडूही आलं. कुणासाठी एवढं आवरत असते मी? शनिवारभर जीव ओतून मांडलेलं मी अर्ध्या मिनिटात उपसून टाकलं, आणि “ही आमच्याकडच्या एका वेलीसारखी दिसली म्हणून आणली” हे एवढंसं वाक्यही मला सांगावंसं वाटलं नाही. का नाही वाटलं?

रात्री भांडी आवरताना एकदम आठवलं. लग्नानंतरच्या पहिल्या गौरी. माहेरी आमच्या तेरड्याच्या गौरी. सासरी मुखवट्याच्या, उभ्या, साडी नेसवलेल्या. मी हौसेने तेरड्याची जुडी आणली आणि गौरींच्या बाजूला ठेवली. सासूबाई म्हणाल्या, “आमच्यात तेरडा नसतो गं.” आवाजात राग अजिबात नव्हता. पण मी ती जुडी अशी उचलली जशी काही चोरीचा माल. मागच्या दारी नेऊन ठेवली. संध्याकाळी त्यांनी स्वतःच विचारलं, “तेरडा कुठाय? तुळशीपाशी तरी ठेवायचास.” तोपर्यंत गाईने खाल्ला होता.

म्हणजे हे अमेरिकेचं नाहीच. हे मी सोबत घेऊन आलेय. आईही अशीच होती. पाहुण्यांनी “पाणी गार आहे का?” म्हटलं की हातातलं काम टाकून माठाकडे धावायची, मग कळायचं, त्यांना गार नकोच होतं. समोरचा काय म्हणतोय ते पुरतं ऐकून घेण्याइतका वेळ आमच्यापैकी कुणाला कधी मिळाला नाही. का मिळाला नाही, ते लिहायला बसले तर... राहू दे.

हे लक्षात आल्यावर, का कोण जाणे, जरा मोकळं वाटलं. बाईंचा राग तर नव्हताच, स्वतःवरचाही थोडा उतरला.

आज दुपारी बाई कुंपणापाशी दिसल्या. हातात मोठी कात्री, पायात गमबूट. त्यांच्या सफरचंदाच्या झाडावर तीच वेल चढलीय. मी गेले. म्हटलं, परवा एक सांगायचं राहून गेलं. मग सगळं सांगितलं, आजी, गुडघे, टाळूवरचं तेल, परीक्षा. त्या कात्री खाली ठेवून ऐकत होत्या. “माल-कां-गो-णी,” त्यांनी दोनदा म्हणून बघितलं. तिसऱ्यांदा मी दुरुस्त केलं, आणि “चालेल” म्हटलं नाही.

मग त्यांनी मला खोड दाखवलं. वेल मनगटाएवढी जाड झालेली, सालीत रुतलेली. जिथे रुतली त्याच्या वर झाड फुगलेलं, कुणी करदोटा फार घट्ट बांधावा तसं. मी बोट घालून बघितलं, नखही आत जाईना. त्यांनी एक रोप मुळासकट उपटून हातात दिलं. मुळं गाजरासारखी नारिंगी. वेल काढायलाच हवी होती, यात मला आता काही शंका नाही. तासभर मी खालून ओढत राहिले, त्या कापत राहिल्या.

घरी येऊन मँटलकडे बघितलं. मधली जागा तीन दिवस तशीच आहे. आधी वाटलं, मेपलच्या दोन डहाळ्या टाकाव्यात. टाकल्या, काढल्या. मग ओकची फांदी बरणीतून उपसून आडवी ठेवली, बुंधा भोपळ्यांमागे, शेंडा तांब्याकडे. नजर गेली इकडून तिकडे. वेलीसारखी नाही, पण गेली. याने ऑफिसातून आल्या आल्या विचारलं, “आज पेटवायची का?” चिमणी मागच्याच महिन्यात साफ करून घेतलीय. पहिली लाकडं आज लावली.

ताईचा मेसेज आलाय, मालकांगोणीचा अजून एक फोटो पाठव, मावशीला दाखवायचाय. तिला आज फोन करून सगळं सांगेन. सगळं म्हणजे गौरींचंही.

फायरप्लेसपुढची चटई झटकताना एक फळ सापडलं. सोमवारीच निसटलं असणार. तीनही पाकळ्या उघड्या, गर सुकून आत ओढलेला, तरी लाल. तळहातावर घेऊन दिव्याखाली बघितलं. मग गॅरेजमध्ये जाऊन कचऱ्याच्या पिशवीची गाठ सोडली, ते आत टाकलं आणि पुन्हा दोन गाठी मारल्या. उद्या गुरुवार, सकाळी सातला गाडी येते.