त्यांनी तो फोटो घेतलाच नाही

तान्ह्या बाळाच्या शूटमधले घरच्यांनी निवडलेले फोटो, म्हणजे सिलेक्शन, आलं आत्ता. तो फोटो त्यात नाहीये. मला वाटलंच होतं, तरी लागलं.

बाळ नऊ दिवसांचं, दादा तीन वर्षांचा. भावंडांचे फोटो मी सगळ्यात आधी उरकते, कारण या वयाच्या पोराचा पेशन्स पाच-दहा मिनिटांचा आणि बाळाला पाजून, गुंडाळून, खोली ऊबदार करून झोपवेपर्यंत त्यातला निम्मा संपलेला असतो. दादाला गादीवर आडवं केलं, बाळ त्याच्या खांद्याशी, आईचा हात फ्रेमच्या अगदी काठावर. मांडीवर मी देतच नाही, मूल कितीही शहाणं असलं तरी कधी उठून पळेल सांगता येत नाही. शटर स्पीड सेकंदाच्या 1/250 पेक्षा हळू ठेवत नाही, बाळ झोपलेलं असतं पण दादा हलतो ना.

सगळे आपले पापा घे, हस ना, बघ किती गोड आहे. तो काहीच करेना, नुसता बघत राहिला. मग हळूच एक बोट बाळाच्या तळहाताला लावलं आणि बाळाने ते गच्च धरलं. सगळीच तान्ही बाळं धरतात, रिफ्लेक्स असतो तो, काही महिन्यांनी जातो, पण हे त्याला कुठे माहीत. बोट सोडवायला गेला, सुटेना, भुवया वर, ओठ उघडे, श्वास अडकलेला. भीती होती का अजून काही, मी किती वेळ झूम करून बघतेय. आजी म्हणाल्या बघ, तू आवडलास त्याला. तेव्हाचा फोटो आहे तो.

घेतला कुठला, तर पापा घेतानाचा. त्यात तो आईकडे बघतोय, बरोबर करतोय ना म्हणून.

एवढ्याशा पोराकडून पहिल्या काही दिवसांतच प्रेम का मागतो आपण? घर एका रात्रीत बदललंय त्याचं, आईच्या कुशीत दुसरंच कोणीतरी, आणि वर याने हसायचं, तेही कॅमेऱ्याकडे बघून. मी पण थोरलीच आहे. असो.

आणि मग माझं नेहमीचं सुरू होतं, की इतका जीव लावून काम करायचं आणि जे खरं मिळालंय तेच कोणाला नको असतं. दरवेळी तेच. रडायला आलं थोडं.

पण आईचा मेसेज परत वाचला. रात्री 3 ला पाठवलाय. म्हणजे एक मांडीवर, दुसरा शेजारी, आणि ती फोटो निवडत बसलेली. तिला दोघांचं जमणार आहे एवढंच बघायचं असेल, आणि ते त्या पापाच्या फोटोत दिसतं. मग तो तिचाच आहे, मी काय सांगणार तिला.

तरी बोटाचा फोटो पण एडिट करतेय मी, पैसे न लावता देईन. बाळाची लाली थोडी कमी केली, दादाच्या कपाळावरचं टेंगूळ तसंच ठेवलंय. कदाचित आत्ता बघणारही नाहीत. तो मोठा झाल्यावर बघेल.

पुढच्या शूटच्या आधी घरच्यांना सांगून ठेवायचं की पापा घे म्हणायचं नाही, मुलाला त्याचं त्याचं बघू द्यायचं. आज्या ऐकतील का, बघू.