दामोदर हॉलच्या दाराशी मांडलेले टेबल

दरवर्षी जानेवारीच्या अखेरच्या रविवारी आमच्या ग्रामस्थ मंडळाचे स्नेहसंमेलन परळच्या दामोदर हॉलमध्ये भरत असे. गुणवंत मुलांचा सत्कार, बायकांचे हळदीकुंकू, मुलांच्या नकला आणि मग बटाटेवडा व शिरा, हा क्रम मुंबईतल्या कोणत्याही कोकणी मंडळाला ओळखीचा वाटेल. आमच्याकडे त्यात आणखी एका गोष्टीची भर असे. सभागृहाच्या दाराशी लाकडी टेबल मांडलेले असे, त्यावर गावच्या सहकारी बँकेचे पावतीपुस्तक, शाईचा पॅड आणि अर्जांचा गठ्ठा असे, आणि त्यामागे मंडळाचे खजिनदार या नात्याने माझे वडील बसत. त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसून पावत्या फाडून देण्याचा मान मला सातव्या वर्षीच मिळाला होता.

बँकेचा इतिहास आम्हां मुलांना कळला तो याच सभागृहात. मंडळाचे सर्वांत वयस्कर सभासद दरवर्षी तो नव्याने सांगत आणि सुरुवात नेहमी १९०४ च्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्यापासून करीत. १९०६ साली श्रीपाद सुब्बराव तालमकी यांनी याच मुंबईत शामराव विठ्ठल संस्था उभी केली, १९१८ साली गिरगावात सारस्वतांची पतसंस्था निघाली, हे सांगून झाले की ते क्षणभर थांबत आणि मग आमच्या तालुक्याच्या गावावर येत. गावची पेढी नोंदली गेली गावात, पण तिचे भांडवल जमले गिरणगावातल्या गावकऱ्यांच्या गाळ्यात, हे ते दर वर्षी तितक्याच अभिमानाने सांगत. भिंतीला लागून ओळीने ट्रंका, पाळीप्रमाणे झोपणारी माणसे आणि खानावळीचे पैसे भागवून उरेल त्याची गावी मनीऑर्डर, अशा संसारात बँकेच्या एका भागाची, म्हणजे शेअरची, रक्कमही एकदम देणे शक्य नव्हते. म्हणून ती हप्त्याहप्त्याने घेतली जाई, आणि संमेलनातले टेबल त्या हप्त्यांसाठीच सुरू झाले होते. एका माणसाचे कितीही भाग असले तरी मत एकच, हा सहकाराचा नियम सांगताना त्यांचा आवाज चढे, कारण सावकाराच्या ओटीवर त्यांच्या वडिलांना बसायलाही मिळाले नव्हते.

१ मार्च १९६६ पासून बँकिंगचा कायदा सहकारी बँकांना लागू झाला आणि रिझर्व्ह बँकेची तपासणी सुरू झाली, हा भाग ते एका वाक्यात संपवीत. वड्याच्या रांगेत मात्र दरवर्षी एक वाद हमखास रंगे, तो लाभांशाचा. कायद्याने निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो आणि लाभांशाला १५ टक्क्यांची मर्यादा आहे. आमची बँक त्या मर्यादेच्या जवळपासही जात नसे, आणि निधीत मात्र कायद्याहून अधिक टाकत असे. आमचाच पैसा आम्हाला का मिळू नये, असे तरुण सभासद विचारीत आणि वडील शांतपणे म्हणत, "निधी पावसाळ्यासाठी असतो."

तो पावसाळा १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांच्या संपाने आला. त्या महिन्यातले संमेलन नेहमीप्रमाणे पार पडले, कारण संप महिन्याभरात मिटेल असेच सर्वांना वाटत होते. पुढच्या जानेवारीत निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. माणसे गाळे सोडून गावी गेली होती. टेबलापुढे रांग होती, पण ती हप्ता भरणाऱ्यांची नव्हती, तर मुदत मागणाऱ्यांची होती. कर्जदार आणि त्याचे दोन जामीनदार अनेकदा गिरणीच्या एकाच खात्यातले कामगार असत, त्यामुळे एकाची चूल विझली तेव्हा तिघांचीही विझली होती. बँकेचे अध्यक्ष रात्रभर एसटीने प्रवास करून आले होते. ते भाषणाला उभे राहिले नाहीत. दिवसभर वडिलांच्या शेजारी बसून त्यांनी प्रत्येकाचे नाव, कर्ज आणि घरातली खाणारी तोंडे वहीत लिहून घेतली. पुढे संचालक मंडळाने हप्ते लांबवले, जामीनदारांना नोटिसा काढल्या नाहीत, आणि बुडीत कर्जांचा भार त्या राखीव निधीने सोसला. लाभांशाचा वाद त्यानंतर मी कधी ऐकला नाही.

आता मंडळी डोंबिवली, बदलापूर, विरारकडे पांगली आहेत आणि संमेलनही डोंबिवलीत भरते. टेबलामागे मी बसतो. ठेवींवरचे विमा संरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांचे झाले आहे, हे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, कारण दुसरीकडच्या बँकांच्या बातम्या वाचून लोक धास्तावलेले असतात. गेल्या खेपेस एक आजी नातवाचा हात धरून आल्या. त्यांनी पिशवीतून यजमानांचा भागाचा दाखला काढला. त्याला टाचणीने जोडलेल्या हप्त्यांच्या सगळ्या पावत्या वडिलांच्या हस्ताक्षरातल्या होत्या, आणि कडा जिथे वाकड्या फाटल्या होत्या त्या माझ्याच हातच्या असणार. मी ठेवीविषयी सांगू लागलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "ठेवीचं राहू दे रे बाबा. हा भाग तेवढा याच्या नावावर करून दे."

मी वारस नोंदीचा अर्ज पुढे ओढला आणि मुलाला त्याचे पूर्ण नाव विचारले.